डोळे मिटले की काळोखच दिसतो, त्यात बिघडलं काय?

प्रश्न असा आला आहे. दापोली तालुक्यातल्या एक ताई लिहितात: मुलगी दहावीला आहे. भूगोलाचे सर सांगतात, "डोळे मिटा आणि नकाशा डोळ्यांसमोर आणा." मुलगी म्हणते, डोळे मिटले की काळोख दिसतो, बाकी काही नाही. घरच्यांना आधी वाटलं, टाळाटाळ चालली आहे. मग बोलता बोलता कळलं की वारलेल्या आजीचा चेहराही तिला कधी 'दिसत' नाही. हे आजारपण आहे का, घरच्या घरी तपासता येईल का, आणि नकाशे, आकृत्या, भूमिती तिने करायची कशी?

ताई, हा आजार नाही आणि मुलगी खोटंही बोलत नाही. काही माणसांच्या मनात मुद्दाम आठवायला गेलं तरी चित्र उमटतच नाही. २०१५ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातले मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला 'अफँटेजिया' हे नाव दिलं. नाव नवं असलं तरी गोष्ट जुनी आहे. १८८० मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी लोकांना विचारलं होतं: आज सकाळी ज्या टेबलावर न्याहारी केलीत ते आठवा, उजेड कसा आहे, रंग किती खरे वाटतात, वस्तूंच्या कडा किती स्पष्ट आहेत? त्यावर काही शिकलेसवरलेले शास्त्रज्ञ चकित झाले. 'मनात दिसणं' ही नुसती बोलायची रीत आहे, खरोखर कुणाला काही दिसतं असं त्यांना वाटतच नव्हतं. तुमची मुलगी त्यांच्याच पंगतीतली.

मनात अजिबात काही न दिसणारं माणूस १०० मध्ये एखादं असतं. अगदी फिकट, धुरकट दिसणारी धरली तर तीन-चार. दुसऱ्या टोकाला, ज्यांना समोर ठेवल्यासारखं लख्ख दिसतं अशीही थोडी माणसं आहेत. मधली सगळी गर्दी कमीअधिक स्पष्टतेची. म्हणजे 'आहे' किंवा 'नाही' असा हा मामला नाही. उंची जशी कमीजास्त असते तसंच हे. घराण्यात एकापेक्षा जास्त जण असे निघण्याचा संभवही असतो, म्हणून तपासायला बसाल तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच बसवा. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवराबायकोंना अशा वेळी पहिल्यांदा कळतं की एकाच्या मनात चित्रं आहेत आणि दुसऱ्याच्या मनात नाहीत.

घरच्या चौकशीत पहिला घोळ भाषेचा होतो. 'आठवलं' या अर्थाने आपण 'डोळ्यांसमोर आलं' असं सर्रास म्हणतो. त्यामुळे "तुला दिसतं का?" या प्रश्नाला दोन अगदी वेगळी माणसंही "हो" असंच उत्तर देतात. तसं विचारू नका. असं करा.

मुलीला निवांत बसवा. डोळे मिटलेले की उघडे हे तिच्यावर सोडा; बऱ्याच जणांना उघड्या डोळ्यांनीच सोपं जातं. मग सावकाश एवढंच म्हणा: "पाटावर एक नारळ ठेवलाय. कुणीतरी आलं आणि त्याला हाताने ढकललं." दहा सेकंद थांबा. मग विचारा: नारळ सोललेला होता की सोडणासकट? शेंडी होती का? ढकलणारा हात बाईचा की पुरुषाचा? नारळ कुठल्या बाजूला गेला? आणि प्रत्येक उत्तरानंतर खरा प्रश्न: "हे मी विचारायच्या आधीच होतं, की विचारल्यावर ठरवलंस?" ज्याला चित्र दिसतं तो बहुधा न अडखळता सांगतो की नारळ सोललेला होता, शेंडीवाला, हिरव्या बांगड्यांचा हात होता, नारळ डावीकडे घरंगळला. ज्याला दिसत नाही तो गोंधळून तुमच्याकडे बघतो. त्याच्या मनात 'नारळ ढकलला गेला' एवढी गोष्ट पक्की असते. सोललेला की न सोललेला हे तुम्ही सांगितलेलंच नसतं, मग ते त्याला कुठून कळणार?

ही चाचणी बिघडते ती तीन कारणांनी. रंगाबद्दल आधीच विचारलं, तर मुलगी रंग ठरवून टाकते. शेजारी भावंड बसलं असेल, तर त्याचं उत्तर हिच्या तोंडी येतं. आणि "नीट बघ ना, थोडा प्रयत्न कर" असं म्हटलं, की मूल तुमच्या समाधानासाठी काहीतरी सांगून मोकळं होतं. एकेकाला वेगळं बसवा, आणि आठवड्याने दुसऱ्या वस्तूवर पुन्हा करा, म्हणजे नारळाऐवजी सायकल, छत्री, काहीही.

तज्ज्ञ यासाठी एक प्रश्नावली वापरतात. डेव्हिड मार्क्स यांनी ती १९७३ मध्ये तयार केली. चार प्रसंग, प्रत्येकात चार, असे १६ प्रश्न. प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज १६ आली तर काहीच दिसत नाही, ३२ पर्यंत असेल तर अफँटेजियाच्या बाजूचं, ७५ च्या वर गेली तर फारच लख्ख, असं ढोबळ मानाने धरतात. सावध राहायचं ते एका गोष्टीसाठी: मूळ प्रश्नावलीत १ म्हणजे लख्ख होतं, पुढच्या अनेक प्रतींत क्रम उलटा करून ५ म्हणजे लख्ख केलं आहे. मोबाईलवर मिळालेली कुठलीही प्रत भरताना आधी हे बघा, नाहीतर लख्ख दिसणाऱ्याच्या माथी अफँटेजिया बसायचा.

कुणी म्हणेल, हे सगळं ज्याच्या त्याच्या सांगण्यावरच आहे. तसं नाही. एका डोळ्याला हिरव्या पट्ट्या आणि दुसऱ्याला लाल पट्ट्या एकाच वेळी दाखवल्या, तर मेंदू दोन्ही मिसळत नाही. कधी हिरव्या दिसतात, कधी लाल. आधी काही सेकंद लाल पट्ट्या मनात आणल्या, तर मग लालच दिसण्याचा संभव वाढतो. जोएल पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे दाखवलं, आणि २०१८ मध्ये हेही दाखवलं की अफँटेजिया असलेल्यांमध्ये हा परिणाम दिसत नाही. २०२२ मध्ये डोळ्याच्या बाहुलीवर काम झालं. झगझगीत उजेडाची वस्तू नुसती मनात आणली तरी बहुतेकांच्या डोळ्याची बाहुली किंचित आकसते. अफँटेजिया असलेल्यांची आकसत नाही. बाहुली काही ठरवून आकसता येत नाही. तुमची मुलगी टाळाटाळ करत नाही हे मी ठामपणे म्हणतो ते या कामाच्या बळावर.

आता मुद्द्याची गोष्ट. मनात वस्तूचं रूप दिसणं आणि कोणती वस्तू कुठे आहे हे कळणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. रंग, आकार, चेहरा यांचा मार्ग मेंदूच्या मागच्या भागातून खालच्या बाजूने कानशिलाकडे जातो. जागा, दिशा, अंतर यांचा वरच्या बाजूने माथ्याकडे. एखाद्याचा पहिला मार्ग मनातल्या चित्राच्या बाबतीत मुका असला तरी दुसरा उत्तम चालू शकतो. आणि नकाशा, भूमिती, आकृती यांना जास्त करून दुसराच लागतो.

हर्णैच्या बंदरातून बाहेर पडणाऱ्या मच्छिमाराचं उदाहरण घ्या. आता बोटींवर जीपीएस आहे, पण किनाऱ्यावरच्या खुणा धरून जागा ओळखायची रीत जुनी. डोंगरावरचं देऊळ आणि त्याच्या खाली किनाऱ्यालगतचा एखादा उंच माड एका ओळीत आले, की बोट एका ठरावीक रेषेवर आहे. मग बाजूला बघायचं: किल्ल्याचा बुरूज आणि पलीकडच्या टेकडीची खांड एका ओळीत आली, की दुसरी रेषा. दोन रेषा जिथे छेदतात तिथेच पाण्याखालचा खडक. त्या जागी किती वाव खोल पाणी आहे हे त्याला तोंडपाठ असतं. या ज्ञानाला मनात देवळाचा रंग दिसावा लागत नाही. 'याच्या पुढे ते, आणि त्याच्या डावीकडे हे' एवढं कळावं लागतं. असं ज्ञान तुमच्या मुलीत भरपूर असू शकतं, आणि तेच तपासायचं आहे.

त्यासाठी तिला घरापासून लांब असताना, मामाकडे वगैरे, घरचं स्वयंपाकघर कागदावर काढायला सांगा. दहा मिनिटं द्या. चित्रकलेचे गुण देऊ नका. दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा: किती वस्तू आणि किती बारकावे आले, आणि ज्या आल्या त्या आपापल्या जागी आहेत का. विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना खोल्यांचे फोटो दाखवून आठवणीतून काढायला लावलं होतं. अफँटेजिया असलेल्यांनी वस्तू कमी काढल्या, रंग कमी भरले, 'खिडकी' असं शब्दात लिहून भागवलं. पण काढलेल्या वस्तूंच्या जागा आणि मापं इतरांइतकीच बरोबर होती, आणि फोटोत नव्हत्या अशा वस्तू त्यांनी कमी घुसडल्या. ज्यांना लख्ख दिसतं त्यांची ही दुसरी बाजू कुणी लक्षात घेत नाही. चित्र स्पष्ट आहे म्हणून ते खरं आहे, असं त्यांना वाटत राहतं.

फिरवण्याची ताकद बघायची तर आपलं 'ठ' घ्या. वर शिरोरेघ, तिच्याखाली छोटी दांडी, दांडीला गोल. आता न लिहिता हे अक्षर डोक्यावर उलटं उभं करा. काय झालं? बहुतेकांना बैठकीवर उभा केलेला गोल आरसा सापडतो, किंवा जमिनीतून उगवलेलं गोल झाड. मुलीला हे सुचलं तर मग विचारा, "दिसलं की कळलं?" 'कळलं' म्हणाली तर समजा की चित्राशिवाय काम झालं. दुसरं कागदाचं. चौकोनी कागद एकदा डावी-उजवी बाजू जुळवून दुमडा, मग वरची-खालची जुळवून. आता दुमडलेल्या छोट्या चौकोनाच्या बरोबर मध्ये सुईने भोक पाडलं तर कागद उलगडल्यावर भोकं किती, आणि कुठे? चार, चारही चतकोरांच्या मध्यावर. आणि भोकाऐवजी जिथे दोन्ही घड्या भेटतात तो कोपरा कापला तर? एकच भोक, कागदाच्या मधोमध. आधी मनात उत्तर, मग कात्रीने पडताळा. पाच-सहा वेगवेगळ्या घड्या करून बघा. चुका होत असतील तर त्या कुठल्या घडीपासून सुरू होतात ते टिपून ठेवा.

१९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या १६०० जोड्या दाखवून 'दोन्ही सारख्या आहेत का' असं विचारलं. एक आकृती दुसरीपेक्षा जितकी जास्त फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त, आणि तोही सरळ रेषेत वाढणारा: साधारण ६० अंशांना एक सेकंद. जणू मनात खरोखर वस्तू हळूहळू वळवली जात होती. झेमन यांच्याकडे आलेल्या एका गृहस्थांची मनातली चित्रं हृदयावरच्या एका उपचारानंतर अचानक गेली होती. २०१० मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांनी ही चाचणी बरोबर सोडवली, पण कोनाप्रमाणे वेळ वाढण्याचा नेहमीचा नमुना त्यांच्यात मिळाला नाही. म्हणजे त्यांनी तोच डोंगर वेगळ्या वाटेने चढला. ही वाट जरा वेळ खाते, पण पोचवते.

मनातलं चित्र मेंदूत नेमकं काय असतं यावर मानसशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. स्टीफन कॉसलिन यांचं म्हणणं, त्याला चित्रासारखीच जागा आणि अंतर असतं. १९७८ च्या त्यांच्या प्रयोगात लोकांनी एका काल्पनिक बेटाचा नकाशा पाठ केला. मनातल्या मनात झोपडीवरून झाडाकडे 'नजर' न्यायला जितकं अंतर जास्त तितका वेळ जास्त लागला. झेनॉन पिलिशिन यांचं म्हणणं उलट: माणसाला अंतर ठाऊक असतं म्हणून तो नकळत तसा वेळ घेतो, आत चित्रबित्र नाही, वाक्यांसारखं ज्ञान आहे. पुढे मेंदूचे आलेख निघू लागल्यावर पारडं बरंचसं कॉसलिनकडे झुकलं, कारण मनात बघताना दृष्टीचेच काही भाग कामाला लागतात. पण चित्र न दिसणारी माणसं त्याच परीक्षांतून सुखरूप पार होतात, हे पाहिलं की पिलिशिन यांचं म्हणणंही मोडीत काढता येत नाही.

यातला सगळ्यात विलक्षण पुरावा मिलानचा आहे. १९७८ मध्ये एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदियो लुझात्ती यांनी दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाल्याने त्यांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नसे. त्यांना सांगितलं, शहरातल्या मोठ्या चौकात कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात असं समजा आणि काय काय दिसतं ते सांगा. त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हटलं, आता कॅथेड्रलच्या दारात उभे राहून उलट बाजूला बघा. आता आधी गाळलेल्या इमारती आल्या, कारण त्या उजवीकडे आल्या होत्या. आणि मघाशी सांगितलेल्या गळाल्या. ज्ञान दोन्ही बाजूंचं होतं. ते ज्या आतल्या पडद्यावर मांडलं जातं त्याची डावी बाजू मात्र हरवली होती.

भूगोलाच्या सरांनाही एक सांगावंसं वाटतं: मनातला नकाशा फोटो नसतो, ज्याला लख्ख दिसतो त्याचाही नसतो. वर्गात विचारून बघा, सावंतवाडी पुण्याच्या कुठल्या दिशेला? बहुतेक हात 'नैर्ऋत्य' म्हणतील, कारण मनात कोकण पश्चिमेला आणि पुणे घाटावर पूर्वेला. खऱ्या नकाशावर पट्टी ठेवा: दोन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ७३.८ अंश पूर्वेच्या आसपास. सावंतवाडी पुण्याच्या सरळ दक्षिणेला आहे. किनारा मनात आपण उभा, सरळ धरतो; प्रत्यक्षात तो खाली जाताना पूर्वेकडे कलतो, आणि मालवण मुंबईपेक्षा ६०-६५ किलोमीटर पूर्वेला येतं. मन जागा साठवताना आधी मोठे कप्पे करतं आणि त्यावरून तपशील ओळखतं. अशा चुका डोळे मिटून निघत नाहीत, पट्टी लावून निघतात.

आणखी एक मर्यादा सगळ्यांनाच लागू आहे. बदक आणि ससा असं दोन्ही दिसू शकणारं एक प्रसिद्ध चित्र आहे. १९८५ मध्ये डेबोरा चेंबर्स आणि डॅनियल राइसबर्ग यांनी ते लोकांना थोडा वेळ दाखवलं आणि मग मनात धरून दुसरा प्राणी शोधायला सांगितलं. एकालाही जमलं नाही. तेच चित्र त्यांनी आठवणीतून कागदावर काढलं, आणि आपल्याच रेघांत सगळ्यांना दुसरा प्राणी सापडला. मनातलं चित्र अर्थ लावूनच साठवलेलं असतं, म्हणून त्यात नवं सापडणं अवघड. कागदावरची रेघ मात्र पुन्हा कोरी होऊन समोर येते. म्हणून भूमितीत "मनात बघ" या सल्ल्यापेक्षा "काढून बघ" हा सल्ला प्रत्येक मुलाला जास्त उपयोगी आहे. तुमच्या मुलीला तर तोच एक चालेल.

आता अभ्यास. आकृत्यांसाठी असं करायचं: आकृती एक मिनिट बघायची, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर काढायची, मग पुस्तक उघडून चुकलं-राहिलं ते लाल पेनाने. लाल रेघा मोजून तारीख टाकायची. दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, मग आठवड्याने पुन्हा. पुस्तकातून बघून काढलेली आकृती या हिशेबात धरू नका, तिने हात चालतो, आठवण चालत नाही. चित्र दिसत नाही अशा मुलांनी आकृतीला जोडून 'वाट' पाठ करावी. हृदयाची असेल तर रक्ताच्या मागे मागे जायचं: महाशिरा, उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुस, परत डावं अलिंद, डावं निलय, महाधमनी. आणि हे लक्षात ठेवायचं की आकृतीत 'उजवं' आपल्या डाव्या हाताला येतं. सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. घनाकृतींसाठी बटाटा आणि सुरी, किंवा गणपतीत उरलेली शाडूची माती. शंकू आडवा कापला की वर्तुळ, तिरका कापला की लंबवर्तुळ हे एकदा हाताने कापलं की विसरत नाही.

ओळीने पाठ करायच्या गोष्टींसाठी घराची वाट वापरावी, म्हणजे घरातल्या एकेका जागी एकेक गोष्ट मनाने ठेवत जावी. जुनी युक्ती आहे. जागतिक स्मरणस्पर्धांतले बहुतेक खेळाडू तिच्यावरच जगतात, आणि २००३ मध्ये त्यांच्या मेंदूचा अभ्यास झाला तेव्हा आठवताना जागा-दिशा सांभाळणारे भाग कामाला लागलेले आढळले. आपलं कौलारू घर याला फार सोयीचं, कारण त्याचा क्रम ठरलेला असतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे आठ खाड्या घ्या. बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडलं, त्याला वसईच्या केळ्यांचा घड टांगलाय: वसई. खळ्यात, म्हणजे अंगणात, पाणी भरलंय आणि धर्मराज तरीत बसून पलीकडे निघालाय: धरमतर. तुळशीपाशी राजा पुरी खातोय: राजपुरी. पडवीच्या खांबात बाण घुसलाय, त्याला कोट अडकवलाय: बाणकोट. ओटीवरच्या झोपाळ्यात दाभण उभं रोवलंय, बसाल तर टोचेल: दाभोळ. माजघरात पोरांनी मातीचा गड बांधून 'जय' लिहिलंय: जयगड. देवघराभोवती एकाबाहेर एक तीन तट, किल्ल्याला आहेत तसे: विजयदुर्ग. चुलीवर तेरा खोल भांडी: तेरेखोल.

बिघडतं कुठे ते सांगतो. जयगड आणि विजयदुर्ग यांची चित्रं सारखी केलीत, दोन्हीकडे नुसता किल्ला, तर परीक्षेत अदलाबदल होणार. म्हणून एकाला पोरांचा मातीचा गड, दुसऱ्याला तीन तट. एका जागी दोन गोष्टी ठेवू नका. वस्तू जागेला नुसती टेकवू नका, तिने तिथे काहीतरी केलं पाहिजे: टोचलं, अडवलं, सांडलं. आणि तीच वाट दुसऱ्या यादीला लगेच वापरली तर आधीची यादी मधे मधे डोकावते. एक-दोन दिवस जाऊ द्या, किंवा दुसऱ्या यादीला शाळेची वाट घ्या.

मुलीला यातलं एकही चित्र दिसणार नाही. तिने खरोखर घरात चालायचं. बेड्याशी उभं राहून मोठ्याने म्हणायचं, खळ्यात जाऊन म्हणायचं, झोपाळ्याला हात लावून म्हणायचं. तीन फेऱ्या चालून, मग दोन जागेवर बसून. तिच्यासाठी काम करणार आहे ती जागांची ओळ, पावलांची आठवण आणि शब्दांची गंमत. जिथे इतर मुलं चित्र भडक करतात तिथे तिने वाक्य भडक करावं.

खेळ, वाद्य, लेझीम यात मनातल्या सरावाचा उपयोग असतो. एकच नियम पाळावा: प्रत्यक्षात ज्या हालचालीला चाळीस सेकंद लागतात तिला मनातही चाळीस लागले पाहिजेत. बारा सेकंदात संपली तर मधल्या पायऱ्या गाळल्या गेल्या. चित्र नसलेल्यांनी ताणलेले स्नायू, पायाखालची जमीन, ठेका आठवावा, तेही पुरतं.

आजीच्या चेहऱ्याबद्दल. ती आजीवर कमी प्रेम करते असा अर्थ कृपा करून कुणी काढू नये. अफँटेजिया असलेल्यांच्या स्वतःच्या आयुष्याच्या आठवणी बारकाव्यांनी थोड्या कमी असतात, काहींना चेहरे ओळखायलाही जड जातं. पण माणूस, त्याचं बोलणं, त्याने काय केलं हे सगळं असतं. आजीचे फोटो आणि आवाजाच्या फिती असतील तर त्या तिच्या हाताशी ठेवा, इतर नातवंडांपेक्षा तिला त्यांची जास्त गरज आहे. स्वप्नात तिला चित्रं दिसतात का हेही विचारा. अशा कित्येकांना स्वप्नं छान रंगीत पडतात. बंद असतं ते मुद्दाम बोलावण्याचं दार.

दुसऱ्या बाजूचाही भार असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात ज्यांनी आपल्या घराची कौलं आणि पत्रे उडताना पाहिले, त्यांच्यातल्या लख्ख चित्रं दिसणाऱ्याला तो देखावा न बोलावता परत परत येऊ शकतो. भीतीची गोष्ट वाचताना अफँटेजिया असलेल्यांच्या त्वचेवरच्या घामाचं मोजमाप जवळपास हलत नाही, पण भीतीचे फोटो दाखवले तर इतरांसारखंच हलतं, हे २०२१ मध्ये दिसलं. भावना शाबूत असतात. चित्रातून येणारा भडका तेवढा नसतो. असे नको असलेले देखावे महिनाभरानंतरही झोप मोडत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, त्यावर चांगले उपचार आहेत.

डॉक्टरांकडे कधी जायचं? जन्मापासून असं असेल तर नाही. औषध नाही, आणि 'मनाचे डोळे उघडून देतो' म्हणणाऱ्या शिबिरांना पैसे देऊ नका. पण आधी चित्रं दिसत होती आणि अचानक गेली, डोक्याला मार, ताप, झटका, शस्त्रक्रिया यानंतर गेली, किंवा सोबत बोलणं, दिसणं, ओळखणं बिघडलं, तर त्याच दिवशी दाखवा. मनात चित्रं न येणं आणि एखाद्या धक्क्यानंतर कशातच मन न लागणं यांचीही गल्लत करू नका. कशातच मन लागत नसेल तर बोलायला माणूस लागतो.

मुलगी चित्रकलेकडे जाऊ म्हणत असेल तर अडवू नका. ॲनिमेशनपट काढणाऱ्या पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमुल यांना मनात चित्र दिसत नाही, आणि डिस्नेत 'लिटल मर्मेड'ची नायिका रेखाटणारे ग्लेन कीन यांनाही नाही. ते कागदावर रेघ मारतात, ती चुकली हे बघतात, आणि पुढची मारतात.

सरांना भेटाल तेव्हा लांबलचक समजावू नका. एवढंच मागा: "डोळे मिटा" म्हणाल तेव्हा हिला कोरा कागद आणि पेन्सिल घेऊ द्या. नकाशाचे सराव कागद जास्तीचे मिळाले तर आठवड्याला दोन पुरेत, लाल पेनाचा हिशेब ती घरी ठेवेल. आणि सावंतवाडीचा प्रश्न त्यांनी वर्गात विचारला, तर मुलीला पट्टी घेऊन फळ्यावरच्या नकाशाशी पाठवायला सांगा.